निमाणं वाक्य

धक्क्यावर आज बावीस माणसं
एका दमात म्हणाली, “पाव सोंपले.”
मासळीवाली म्हणाली, दप्तरवाला पोरगा म्हणाला,
पोदेर स्वतः, भरलेल्या टोपलीसकट.
मग तीन सेकंद चिडीचूप.
मग सगळ्यांनी मिळून: “बांगडे म्हारग जाले.”

शेजारच्या खुर्चीतून फ्लाव्हियोने मान लांबवली.
“लादाईन लावलीयस की काय गं,
एकाने म्हणायचं नि घरभर सुरात ओढायचं?”

खेळ आमचा साधा.
एक बेट, एक फेरीबोट, बोट येईस्तोवर
धक्क्यावरची माणसं काहीबाही बोलणार.
काहीबाही!
माणसाला त्यासाठी तंबाखूसुद्धा लागत नाही.
यंत्राला फासा लागतो, फाशाला बी लागतं,
आणि ते बी मी घड्याळातून उचलत होते,
दर माणसामागे नवं,
पण बावीसही जणांसाठी एकाच मिलिसेकंदात.
एका क्षणी पेरलं, एकसारखं उगवलं.
खाजनातलं भात बघत वाढलेली मी,
मला हे कळायला सव्वाचार वाजले.

ती एक ओळ लूपच्या बाहेर नेऊन ठेवली.
पत्ते पिसणारा एकच,
वाटलेलं पान मात्र ज्याचं त्याचं.
धक्का बोलायला लागला, जसा बोलतो तसा,
कोणाचं कोणाला लागू नाही.
चहा सांगितला.

वाक्यं सगळी गुणोकाकांची.
तेहेतीस वर्षं रायबंदर-चोडण फेरीवर दोर टाकणारा माणूस.
विजेच्या बिलांच्या पाठीवर लिहून दिली,
एक्केचाळीस, नंबर घालून.
खेळ त्यांच्या नातवाच्या फोनवर आहे.
दर आठवड्याला विचारतात,
“म्हजें निमाणें आयलें गो?”
मी म्हणते, काका, रँडम असतं ते. येईल.
ते म्हणतात, बरं.
त्यांना रँडम म्हणजे काय वाटतं कोण जाणे,
बहुतेक सरकारी खातं.

आज मात्र मोजलं.
दहा हजार वेळा फासा टाकला, वाक्यागणिक खूण केली.
पाव दोनशे बावन्न.
बांगडे दोनशे एकेचाळीस.
ओहोटी, लग्न, पंचायत, कोणाचा तरी दुबईचा जावई,
सगळे अडीचशेच्या आगेमागे.
एक्केचाळिसावं: शून्य.

येईल कसं?
ही भाषा मोजते शून्यापासून,
आणि वरची हद्द सांगितली की तिच्या अलीकडेच थांबते.
हे ठाऊक असूनही मी, जास्तीची काळजी म्हणून,
आणखी एक वजा केला होता.
काळजीनेच दार लावलं.
पाच महिने मी त्या माणसाला “येईल” सांगत होते.

“वजा एक” खोडलं.
एवढंच. तीन अक्षरं आणि त्यामागची जागा.

फ्लाव्हियो गेला. खालच्या तावेर्नाचं शटर पडलं.
मांडवीवरून रेतीचा एक पडाव गेला, दिवा न लावता.
मी खेळ चालू ठेवून टेबलावर डोकं टेकलं.

साडेनवाला आलं.
खेळातही रात्र होती, बोट सुटायच्या बेतात,
धक्क्यावर फक्त दोर टाकणारा.
त्याच्या डोक्यावर पांढरी अक्षरं उमटली:
“राव रे, एकलो येता.”

कोणीच येत नव्हतं.
रस्ता रिकामा, मीच काढलेला,
कडेला माड, एक बंद टपरी, पुढे चित्र संपतं.
बोट नियमाप्रमाणे आठ सेकंद थांबली. सुटली.

फ्लाव्हियो उद्या म्हणेल, हा पण बग.
माणूस येत असेल तरच हे वाक्य यायला हवं, एक अट घाल.
बरोबर आहे त्याचं.
अट लिहिलीसुद्धा. दोन ओळींची.
मग तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारून
तिला झोपवून ठेवली.

काकांना फोन करायला उशीर झालेला.
तरी केला.
उचलल्यावर त्यांनी खोकून घेतलं, आणि विचारलं,
“मागीर? कोण आयलो?”